जुनं इंजिन, हौशी स्वार

शर्यतीला उतरणाऱ्या जुन्या मोटरसायकलखाली वाकून पाहिलं, तर इंजिनाच्या तळाशी एक बारीक, पीळ दिलेली तार दिसते. ऑइल सोडायचा जो बोल्ट असतो, त्याच्या डोक्यात आरपार भोक पाडून ही स्टीलची तार ओवलेली असते. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या एखाद्या पक्क्या जागी बांधलेलं असतं. बोल्ट सैल होऊ लागला की तार ताणली जाते आणि त्याला पुढे फिरू देत नाही. रीतसर शर्यत कितीही छोटी असो, ही तार नसेल तर गाडी बहुतेक ठिकाणी तपासणीतच बाद होते.

जुन्या एक-सिलिंडरी इंजिनाचे हादरे जबरदस्त असतात. घट्ट आवळलेला बोल्टही तासाभरात हलतो. तो गळून पडला तर सगळं ऑइल नेमकं मागच्या चाकाच्या पुढ्यात सांडतं आणि स्वार पडतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. ऑइलचा तो पट्टा वळणावर तसाच राहतो. मागून येणाऱ्या दहा-बारा जणांना तो दिसत नाही आणि दिसला तरी तोवर उशीर झालेला असतो. म्हणून ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या मार्शलकडे एक खास झेंडा असतो, पिवळा आणि त्यावर लाल उभे पट्टे. ‘पुढे रस्ता निसरडा आहे’ एवढंच तो सांगतो. ती तार आणि हा झेंडा, दोन्ही मागून येणाऱ्यासाठी आहेत. हौशी शर्यतीतली जोखीम समजून घ्यायची तर आधी हे ध्यानात घ्यायला हवं, की इथे एकाची चूक बहुतेक वेळा दुसऱ्याला भोवते.

जुन्या मोटरसायकलींची शर्यत हा जगात चांगला रुजलेला खेळ आहे. ब्रिटनमध्ये ‘क्लासिक रेसिंग मोटरसायकल क्लब’ १९७९ साली सुरू झाला. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात ‘अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन’ उभी राहिली. गाड्यांचे गट त्यांच्या काळानुसार आणि सीसीनुसार पडतात. पन्नाशीतल्या नॉर्टन, साठीतल्या होंडा, सत्तरीतल्या यामाहा टू-स्ट्रोक आपापल्या गटात पळतात. पळवणारे आठवडाभर आपापल्या नोकरीधंद्यात असतात आणि शनिवार-रविवारी गाडी व्हॅनमध्ये घालून ट्रॅक गाठतात. बक्षिसाची रक्कम टायरच्या खर्चालाही पुरत नाही. सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचं असतं. हौशी आणि व्यावसायिक यांच्यातला खरा फरक हा आहे. हात मोडला तर व्यावसायिकाची टीम त्याच्यामागे उभी राहते, हौशी माणसाच्या घरचा पगार थांबतो.

मोटरसायकल शर्यतींच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत कठीण ठिकाणांपैकी एक म्हणजे आयल ऑफ मॅन, इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातलं बेट. १९०३च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये वाहनांना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करायला तिथली पार्लमेंट तयार नव्हती. या बेटाची मात्र स्वतःची वेगळी पार्लमेंट आहे. तिने परवानगी दिली आणि १९०७ साली पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ म्हणजे टीटी शर्यत झाली. १९११पासून ती डोंगराच्या मार्गावर होऊ लागली. एक फेरी जवळपास ६०.७ किलोमीटरची, दोनशेहून अधिक वळणं, समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या वर चढणारा रस्ता. हा रस्ता गावांमधून जातो. कडेला घरांच्या भिंती, दगडी कुंपणं, विजेचे खांब, झाडं असतात. बॅलॉ गावातल्या पुलावर गाडीची दोन्ही चाकं हवेत उडतात आणि पूल ओलांडला की समोर वस्ती असते.

टीटी ही कंपन्यांची आणि पगारी स्वारांची शर्यत होत गेली, तेव्हा हौशी लोकांसाठी १९२३ साली याच मार्गावर वेगळी स्पर्धा सुरू झाली. ‘हौशी’ कोणाला म्हणायचं यावरून वाद झाले, नियम सैल झाले आणि १९३०मध्ये तिचं नाव ‘मँक्स ग्राँ प्री’ झालं. ऑगस्टच्या अखेरीला ती भरते आणि आता तिच्यात जुन्या गाड्यांचे गट हेच मोठं आकर्षण आहे. स्वार एकाच वेळी सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडले जातात. त्यामुळे पहिल्याच वळणावरची झुंबड टळते, पण भिंती जागच्या हलत नाहीत. नव्या स्वाराला नारिंगी बंडी घालावी लागते, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की पुढचा माणूस हा रस्ता अजून शिकतो आहे. त्याला वर्गात बसवून मार्ग शिकवतात, मग अनुभवी मार्शलच्या मागे ठरावीक वेगाने एक फेरी मारायला लावतात. हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सज्ज असते आणि शेकडो स्वयंसेवक रस्त्याच्या कडेने उभे असतात.

एवढी तयारी असूनही १९११पासून आजवर या मार्गावर टीटी आणि मँक्स मिळून २६०हून अधिक स्वार सरावात किंवा शर्यतीत मरण पावले आहेत. त्यांत विश्वविजेते होते, तसे हौशीही होते. मला ही किंमत फार वाटते. ज्यांनी सगळं समजून-उमजून तो रस्ता निवडला त्यांच्या धैर्याबद्दल आदर आहे, पण दुसऱ्या कोणीही हा नमुना म्हणून उचलू नये. त्या मार्गावर पडण्याला जागाच नाही.

आता यंत्राकडे येऊ. जुन्या गाडीचा पहिला शत्रू धातूचा थकवा. लोखंडाची तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते. इंजिनात नेमकं तेच चालू असतं. मिनिटाला ७,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन वर आणि खाली मिळून मिनिटाला १५,००० वेळा, म्हणजे सेकंदाला अडीचशे वेळा थांबतो आणि उलट दिशेला फेकला जातो. प्रत्येक वेळी कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. कुठेतरी केसाहून बारीक चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. बाहेरून पॉलिश केलेला, चकचकीत भाग आतून तडकलेला असू शकतो. म्हणून शहाणे लोक मोसमाअखेरीस इंजिन पूर्ण उघडतात, चीर दाखवणारं रंगीत द्रव्य लावून रॉड, क्रँक आणि फ्रेमचे जोड तपासतात. साठ वर्षांपूर्वीच्या भागांवर विश्वास ठेवण्याऐवजी कित्येक जण आता जुन्याच नकाशावरून नव्या धातूचं इंजिन बनवून घेतात. शर्यतीत पळणाऱ्या बऱ्याच ‘मँक्स नॉर्टन’ गाड्या अशा नव्याने घडवलेल्या आहेत. जुन्या वस्तूंच्या जाणकारांना हे खटकतं. मला ते योग्यच वाटतं, कारण मूळ गाडी संग्रहालयात सुरक्षित राहते आणि स्वाराच्या दोन पायांमध्ये भरवशाचा धातू असतो.

पण यातच एक सापळा आहे. १९५७ साली बॉब मॅकिन्टायर याने चार सिलिंडरच्या गिलेरा गाडीवर आयल ऑफ मॅनची फेरी प्रथमच ताशी १०० मैलांच्या सरासरीने पूर्ण केली, तेव्हा ती जगभर गाजली. आज क्लासिक गटातले चांगले स्वार एक-सिलिंडरी, ५०० सीसी गाड्यांवर हा वेग सहज ओलांडतात. गाडीचा आराखडा तोच, मग हा वेग आला कुठून? मुख्यतः टायरमधून. आजचं रबर त्या काळच्या रबराहून किती तरी जास्त पकड देतं. पकड वाढली की वळणावर गाडी जास्त झुकते, ब्रेक जास्त जोरात दाबता येतो आणि तो सगळा भार फ्रेमवर, स्विंगआर्मवर, चाकाच्या आऱ्यांवर येतो. त्या काळच्या इंजिनिअरने हे भाग त्या काळच्या टायरच्या हिशेबाने बनवलेले असतात. पूर्वी आधी टायर घसरायचा, म्हणजे इशारा मिळायचा. आता टायर धरून राहतो आणि दुसरं काहीतरी मोडतं. टायर सुधारला की ब्रेक कमी पडतो, ब्रेक सुधारला की फोर्क वाकतो, इंजिनाची ताकद वाढवली की क्लच आणि चेन जाते. जुनी गाडी वेगवान करणारा प्रत्येक माणूस गाडीतला सर्वांत कमकुवत भाग फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत असतो. हे ज्याला कळलं, तो एक भाग बदलला की त्याच्या शेजारचे चार भाग तपासतो.

आपल्याकडे या विषयाचा खरा नायक यामाहाची आरएक्स १०० आहे. १९८५ साली एस्कॉर्ट्सने ती भारतात आणली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन साधारण शंभर किलो. तिच्या आधी, १९८३मध्ये, राजदूत ३५० आली होती, यामाहाच्या आरडी ३५०ची भारतीय आवृत्ती. कोल्हापूर-सांगलीपासून नाशिक-जळगावपर्यंत या दोन गाड्यांवर जीव टाकणारी माणसं भेटतात. आरएक्स १००चं उत्पादन १९९६मध्ये थांबलं, म्हणजे सर्वांत नवी गाडीसुद्धा आज तीस वर्षांच्या घरात आहे. तरी धुळीच्या ट्रॅकवर आणि ड्रॅग शर्यतींत टू-स्ट्रोकचे वेगळे गट असतात आणि त्यांत या गाड्या अजून पळतात.

टू-स्ट्रोक इंजिनाचा जीव साध्या रचनेत आहे. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, पेट्रोलबरोबर आत येणारं ऑइलच पिस्टनला वंगण देतं आणि आत येणारं थंड मिश्रणच त्याला गारवा देतं. त्यामुळे मिश्रण ‘पातळ’ झालं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं, की गारवा आणि वंगण दोन्ही कमी होतात. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, ब्लॉकचा स्लीव्ह बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ऑइलचा पातळ थर तुटतो आणि पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणाऱ्या दारासारखा पिस्टन ब्लॉकमध्ये अडकतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘सीझ’ होतं. त्याच क्षणी मागचं चाक जागच्या जागी थांबतं, मग वेग ताशी १२० किलोमीटर का असेना.

असा पिस्टन हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. सायलेन्सरच्या बाजूला, जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथे उभे राखाडी ओरखडे पडलेले असतात. अ‍ॅल्युमिनियम वितळल्यासारखं पसरून रिंगच्या खाचेत भरलेलं असतं आणि रिंग बोटाने हलवली तरी हलत नाही. ब्लॉकमध्ये बोट फिरवलं, की त्या जागी चिकटलेला धातू नखाला लागतो. अनुभवी मिस्त्री ओरखडे पाहून कारण सांगतो. चारही बाजूंना पडले असतील तर पिस्टन आणि ब्लॉकमधली फट कमी ठेवली होती, फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ होतं.

मिश्रण पातळ होण्याची कारणं जुन्या गाडीत जास्तच असतात. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे रबरी ऑइल सील वर्षानुवर्षांनी कडक होतात आणि त्यांतून बाहेरची हवा आत खेचली जाते. बाहेरून काही दिसत नाही, गाडी उलट काही दिवस जास्तच ‘फ्री’ पळते. सकाळची थंड हवा दाट असते, म्हणून दुपारी बसवलेला जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, पहाटे लहान पडतो. आता पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची भर पडली आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण आपोआप पातळ होतं. शर्यतीच्या गाडीत मुळातच मिश्रण शक्य तितकं पातळ ठेवलेलं असतं, कारण सीझ होण्याच्या जरा अलीकडेच इंजिन सर्वांत जास्त ताकद देतं. ताकद आणि अपघात यांच्यातली ही फट जेटच्या एका आकड्याएवढी असते.

यावरचा जुना उपाय म्हणजे प्लग बघणं. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करायचं, तशीच थांबवायची आणि प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. तपकिरी म्हणजे ठीक. काळा, ओलसर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे धोका, मोठा जेट लावा. शर्यतवाल्यांची आणखी एक सवय आहे. डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचच्या लिव्हरवर. इंजिनाचा आवाज बदलला, जरा ओढ लागली, की लगेच क्लच दाबायचा, म्हणजे चाक मोकळं होतं. इथे पाव सेकंदही मोलाचा आहे. मागचं चाक थांबून गाडी आडवी झाल्यावर क्लच दाबला, तर चाक पुन्हा फिरू लागतं, अचानक पकड घेतं आणि गाडी स्वाराला वर उडवून देते. शर्यतीच्या भाषेत याला ‘हायसाइड’ म्हणतात. त्यापेक्षा गाडी खाली निसटून स्वार तिच्यामागे घसरत जाणं, म्हणजे ‘लोसाइड’, पुष्कळ बरं.

जुन्या रेसिंग गाड्यांना एक ओळखीचा वास असतो, तो एरंडेलाचा. एरंडेलापासून बनवलेलं रेसिंग ऑइल तापलेल्या धातूला इतकं चिकटून राहतं, की सीझ टाळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या स्वारांनी त्याच्यावर भरवसा ठेवला. मात्र ते चिकट राळही मागे ठेवतं आणि रिंगा अडकवतं, म्हणून इंजिन वारंवार उघडून साफ करावं लागतं.

सीझ झालेलं इंजिन किंवा ट्रॅकवर सांडलेलं ऑइल काय करू शकतं, याची आठवण मोटरसायकल जगताला २० मे १९७३ या दिवसाने कायमची दिली. इटलीत मोंझाला २५० सीसीच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत, पहिल्या मोठ्या वळणावर रेन्झो पासोलिनी पडला आणि त्याच्यामागे होता १९७२चा विश्वविजेता, फिनलंडचा यार्नो सारिनेन. दोघेही जागीच गेले आणि आणखी कितीतरी स्वार एकमेकांवर आदळून पडले. आधीच्या ३५० सीसीच्या शर्यतीत एका गाडीचं ऑइल ट्रॅकवर सांडलं होतं, असं एक मत. पासोलिनीचं टू-स्ट्रोक इंजिन सीझ झालं, असं दुसरं. कोणतंही खरं धरलं तरी दोघांचा जीव घेणारी एक गोष्ट वादातीत आहे. वळणाच्या अगदी कडेला लोखंडी कठडे होते. पडलेली माणसं आणि गाड्या त्यांवर आपटून पुन्हा ट्रॅकवर आल्या. मागून येणाऱ्यांना बाजूला व्हायला जागाच नव्हती.

ब्रेकचा मुद्दा थोडक्यात. बहुतेक जुन्या गाड्यांना ड्रम ब्रेक आहेत. परदेशी आरडी ३५०ला पुढे डिस्क ब्रेक होता, भारतात बनलेल्या राजदूत ३५०ला मात्र ड्रमच दिला गेला आणि तीस अश्वशक्तीच्या गाडीला तो पुरत नाही, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. वेग १००वरून १४०वर गेला, तर थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ती सगळी ऊर्जा ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊन टेकतं. पहिल्या फेरीत जिथे ब्रेक दाबला, तिथेच पाचव्या फेरीत दाबून चालत नाही, बराच आधी दाबावा लागतो. नव्या स्वाराला हे ठाऊक नसतं. पहिल्या दोन फेऱ्यांत तो खूश असतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत थेट मातीत जातो.

पडल्यावर माणूस वाचतो तो मुख्यतः हेल्मेटमुळे, आणि हे ज्ञानही शर्यतींनीच दिलं. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरचे डॉक्टर एरिक गार्डनर यांनी डोक्याला मार लागून दगावणारे स्वार पाहिले, कॅनव्हास आणि लाखेचा टोप बनवून घेतला आणि १९१४च्या टीटीत तो सक्तीचा झाला. पुढे १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकल अपघातात डोक्याला इजा होऊन वारला, तेव्हा त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स होते. त्यांनी सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१मध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आज हौशी स्वार जुन्या गाडीबरोबर जुन्या काळचा पोशाख हौसेने जमवतो. लेदर जॅकेट जुन्या धाटणीचं असलं तर एक वेळ चालेल, हेल्मेट मात्र आजचंच हवं. त्यातला फोम एकदाच दबतो, एकदा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी निकामी झालेलं असतं. पाठीचा कणा जपणारं संरक्षक कवच सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश विश्वविजेता बॅरी शीन याच्यासाठी बनलं, तेही आता सर्वांना मिळतं. शीनचा मागचा टायर १९७५मध्ये डेटोनाला ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगात फुटला होता, त्यातून तो मांडी, हात, बरगड्या मोडून वाचला. पुढे निवृत्त झाल्यावर तो मँक्स नॉर्टनवर क्लासिक शर्यतींत हौसेने उतरत असे.

या गटांत शीनसारखे निवृत्त विजेते येतात, तसे पन्नाशी-साठीत पहिल्यांदा शर्यतीत उतरणारेही पुष्कळ येतात. तरुणपणी जी गाडी परवडली नव्हती ती आता घेतलेली असते. मन विशीतलं असतं, हाडं तशी नसतात. साठीतलं फ्रॅक्चर भरायला वेळ लागतो, नजर अंधारातून उजेडात यायला क्षणभर जास्त घेते आणि वर्षातून तीन-चार वेळाच ट्रॅकवर गेलं तर हाताला सराव राहत नाही. त्यात एकाच फेरीत वेगवेगळ्या सीसीच्या गाड्या सोडल्या, तर वेगातली तफावत हाच मोठा धोका बनतो. वय झालं म्हणून शर्यत सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. न्यूझीलंडचा बर्ट मन्रो १९२०ची इंडियन स्काउट गाडी घेऊन आयुष्यभर शेडमध्ये राबला, पिस्टन स्वतः ओतून बनवले आणि १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलला तिच्यावर ताशी १८३ मैलांच्या पुढे गेला. पण बॉनव्हिल म्हणजे मैलोन्‌मैल सपाट मिठाचं मैदान, तिथे आदळायला काहीच नाही. जगातल्या सर्वांत वेड्या हौशी माणसानेही जागा विचार करून निवडली होती.

आपल्याकडेही जागेपासूनच सुरुवात झाली. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी पडून होती, तिच्यावर पन्नासच्या दशकापासून मोटरगाड्यांच्या आणि मोटरसायकलींच्या शर्यती होत. कडेला पेंढ्याच्या गठड्या आणि पलीकडे प्रचंड गर्दी असे. पुढे मद्रासजवळच इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा खास ट्रॅक झाला, कोईमतूरला कारी मोटर स्पीडवे झाला. आपल्या राज्यात लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, पुण्यात धुळीच्या ट्रॅकवरच्या मोटोक्रॉस शर्यतींची जुनी परंपरा आहे. मोटरसायकली बनवणाऱ्या या राज्यात मोटरसायकल शर्यतीसाठी कायमच्या डांबरी ट्रॅकची इतकी वानवा असावी, याची मला खंत वाटते.

ट्रॅकवर जोखीम शून्य होते असंही कुणी समजू नये. २०२३च्या ऑगस्टमध्ये मद्रासजवळच्या याच इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत तेरा वर्षांचा एक मुलगा पडून दगावला. त्याच वर्षी जानेवारीत तिथेच ५९ वर्षांच्या एका अनुभवी कार रेसरचा जीव गेला. तरीही ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, वळणावर खडी पसरलेली नसते, कुत्रं आडवं जात नाही आणि पडल्यापासून काही मिनिटांत डॉक्टर पोचतो. रात्री बारानंतर बायपासवर किंवा घाटात आरएक्स लावून पैज मारणाऱ्या मुलांकडे यातलं काहीच नसतं. तिथे ऑइलच्या बोल्टला तार बांधली आहे का, हे विचारणारा कोणी नसतो. झेंडा दाखवणारा नसतो. आणि मागून येणारा शर्यतीतला स्वारही नसतो, तो कामावरून घरी परतणारा कुणीतरी असतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणं हा गुन्हा ठरवतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चालवणारा अल्पवयीन असेल तर पालक किंवा गाडीचा मालकही शिक्षेला पात्र ठरतो.

घरात जुनी आरएक्स, शोगन किंवा येझदी असेल आणि ती पळवायची इच्छा असेल, तर ती इच्छा दाबू नका. आधी ब्लॉक उघडून पिस्टन, रिंगा आणि क्रँकचे सील बदला. अस्सल भाग मिळेपर्यंत थांबा, डुप्लिकेट पिस्टन किट बसवून शर्यतीला जाऊ नका. टायर जुना असेल तर नक्षी शाबूत असली तरी फेकून द्या. भारतीय मोटरस्पोर्ट महासंघाचा परवाना आणि डॉक्टरची तपासणी हे कागद कटकटीचे वाटले तरी करून घ्या. पहिलं वर्ष ट्रॅकवर शिकण्यासाठी ठेवा, जिंकण्यासाठी नको. आणि तुम्ही आयोजक असाल, तर रुग्णवाहिका आणि डॉक्टर ट्रॅकवर हजर झाल्याशिवाय एकही गाडी सुरू करू देऊ नका, मग स्वार कितीही खोळंबोत.